कणकुंबीच्या अलीकडे

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, आम्ही पायी गोव्याला चाललो होतो. जांबोटी सोडली आणि उजव्या टाचेत टोचायला लागलं. शुक्रवार, त्यामुळे जपमाळेतली दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या यातनांचे प्रसंग, चालली होती. ‘नमो मरिये’ निम्म्यांचं मराठीत, निम्म्यांचं कोकणीत, मागची कानडी मंडळी आपल्याच चालीत. त्यात एकानं मोबाइलवर जपमाळ मोठ्यानं लावलेली. मध्येच नेटवर्क जायचं, परत यायचं ते जाहिरात घेऊनच. मला त्याचा असा राग आला की एक अख्खं रहस्य मी त्याच्या नावानं दात खात काढलं. गोव्याला भाजी नेणारे आमचे बेळगावचे टेम्पो धूळ उडवत अंगावरून जात होते. ‘यातना अर्पण करा’ हे नोव्हेनाच्या, नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, प्रवचनात ऐकून आलो होतो. इथे नुसतं दुखत होतं.

कणकुंबीच्या अलीकडे एका घरापुढच्या कट्ट्यावर बसकण मारली. बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला.

“काय गा, पंढरपूरची वाट हिकडं कुठली?” आतून एक म्हातारी आली.

“गोव्याला चाललोय मावशी. सायबाच्या फेस्ताला.”

तिनं घमेल्यात कोमट पाणी आणलं, मूठभर मीठ टाकलं आणि सरळ माझा पाय धरला. मी ओढून घेतला. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, त्यात एकदा माझा नंबर होता. त्या दिवशी मी घरूनच टाच दगडानं घासून, नखं कापून गेलो होतो. इथे डांबर, घाम आणि मोज्याचा वास.

“राहू दे मावशी, मी धुतो.”

“गप बस की गा. आमचं म्हातारं आषाढीला जाऊन येतंय, त्येचे पाय कोण बघतंय?”

येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र या त्याच्या शिष्यानंही आधी नकोच म्हटलं होतं. मोजा भिजवून म्हातारीनं अलगद सोडवला, फोड तसाच ठेवून हळद-खोबरेल लावलं, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. सायब कोण, म्हणून विचारलं. मी सांगितलं, संत फ्रान्सिस झेवियर, १५५२ साली चीनजवळच्या बेटावर वारले, १५५४ साली त्यांचं शव गोव्यात आणलं.

“येवढ्या लांबनं? आन तू टाचंला रडतोस.”

चहा दिला. गुळाचा. पैसे काढले तर ओरडली.

चोर्ला घाट, केरी, साखळी कधी गेलं कळलं नाही. मोबाइलवाला घाटभर माझी सॅक घेऊन चालला, तरी जपमाळ बंद केली नाहीच.

जुन्या गोव्यात ऊन आणि रांग. दहा वर्षांनी येणारं शवदर्शन, त्यात फेस्त. बॉम जेझू चर्चमधून सायबांना से कॅथेड्रलमध्ये आणलेलं. एक बाई मुलासकट मध्ये घुसली, मी भांडलो. मागण्यांची यादी पाठ करून आलो होतो : मुलीची ‘नीट’ परीक्षा, घराचं कर्ज, आईचा गुडघा, भावाशी अबोला. पेटीपुढे पोचलो तोच स्वयंसेवक म्हणाला, “चला, पुढे चला.” आईचा गुडघा तेवढा सांगून झाला.