नाही, ते वानर नव्हे

नैरोबीहून सुट्टीला घरी आले की माझा मोबाइल सगळ्यांच्या हातांतून फिरतो आणि एका फोटोपाशी हमखास थांबतो. "अगं, हे तर आपलं वानर! तिकडेपण असतात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काळं तोंड, राखाडी अंग, लांब शेपूट. चूक तुमची नाही. केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझेही हात आपसूक जोडले गेले होते. पण हे वर्वेट, आफ्रिकेतलं माकड. वानरापेक्षा बरंच लहान, कपाळावर पांढरी पट्टी, आणि नराचा अंडकोश चक्क निळाशार. (गाईडने हे सांगितलं तेव्हा आमच्या गाडीतले सगळे एकदम किलिमांजारो न्याहाळू लागले.)

मला फरक कळला तो शेंगदाण्यांमुळे. टेबलावरची पुडी एका मादीने उचलली, समोरच्या झाडावर बसून दाणे भराभर तोंडात कोंबले. चावणं नाहीच. दोन्ही गाल लिंबाएवढे फुगले आणि बाई निघून गेल्या, सावकाश खायला. वानराला गालात अशा पिशव्या नसतात. त्याचा कारभार पोटात, पाला पचवायला तिथे कप्पे असतात. म्हणजे तोंड वानराचं असलं तरी वर्वेट नात्याने आपल्या लाल तोंडाच्या माकडाला जवळचं.

वर्वेटांच्या घरचा रिवाज मात्र ऐकण्यासारखा. लेकी जन्मभर माहेरीच राहतात आणि आईचा मान लेकीला मिळतो. घर सोडायचं ते मुलग्यांनी, वयात आल्यावर.

आणि त्यांच्या हाका! ताडोबात वानर खाकरलं की जिप्सी थांबते, सगळे वाघ शोधू लागतात. वर्वेटाच्या हाकेवरून तर कोण आलंय तेही कळतं. बिबट्यासाठी एक हाक, गरुडासाठी दुसरी, सापासाठी तिसरी. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर या संशोधकांनी अंबोसेलीतच या हाका टेप केल्या आणि आसपास शत्रू नसताना लपवलेल्या स्पीकरवरून वाजवल्या. 1980 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. बिबट्याची हाक ऐकून जमिनीवरची माकडं झाडावर पळाली, गरुडाच्या हाकेला त्यांनी वर पाहिलं किंवा झुडपात दडी मारली, सापाच्या हाकेला गवतात डोकावू लागली. बिबट्या, गरुड, साप यांपैकी काहीच नव्हतं, नुसता शब्द होता. मी तरी त्याला शब्दच म्हणते, शास्त्रज्ञ काय वाद घालायचा तो घालोत.

पिल्लांचा मात्र गोंधळ उडतो. गळणाऱ्या पानालाही ती गरुड म्हणतात. आमच्या डोक्यावरून एक करकोचा गेला, तसं एक पिल्लू जीव खाऊन ओरडलं. आईने मान वर केली, पक्षी जाईपर्यंत पाहिलं आणि पुन्हा बाभळीचा डिंक खरवडायला लागली.