एकाच संध्याकाळची दोन वाक्ये

अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करताना मला 17 वर्षे झाली. या काळात असंख्य संमतिपत्रांवर मी साक्षीदार म्हणून सही केली. परंतु एका रुग्णाच्या चौदाव्या दिवशी झालेली ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घालण्याच्या शस्त्रक्रियेची, ती एक सही अजूनही माझ्या मनातून जात नाही.

रुग्ण 34 वर्षांचा होता आणि त्याला आधी कोणताही आजार नव्हता. हृदय एकाएकी बंद पडले आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत वीसेक मिनिटे गेली. तेवढ्या वेळात मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली. पहिल्या तीन दिवसांत ताप चढू न देणे, झोपेचे औषध देणे आणि नंतर ते थांबवून वाट पाहणे, हे सारे ठरल्याप्रमाणे झाले. नवव्या दिवशी त्याने डोळे उघडले. डोळे उघडणे म्हणजे शुद्धीवर येणे नव्हे, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते, आणि ते सांगण्याची वेळ आमच्यावर येते. त्याच्या आईने स्वतःचे बोट त्याच्या डोळ्यांसमोर हळूहळू डावीकडून उजवीकडे नेले, परत आणले, पुन्हा नेले. नजर छताला लागलेली होती. ती बोटाबरोबर एकदाही सरकली नाही. तरी भेटीची वेळ संपेपर्यंत त्या बोट हलवत राहिल्या.

अशा रुग्णाच्या श्वासनलिकेतील कफ दर काही तासांनी ओढून काढावा लागतो. आधी पूर्ण प्राणवायू द्यायचा, मग नळी आत सरकवायची आणि दहा-पंधरा सेकंदांच्या आत बाहेर काढायची. नवीन मुलींना मी शिकवते की, त्या वेळी स्वतःचा श्वास रोखून धरावा. आपला जीव कासावीस होऊ लागला की त्याचाही होत असणार, हे घड्याळाकडे न पाहता कळते. त्याला खोकला यायचा, चेहरा लालबुंद व्हायचा, हात ताठ होऊन आत वळायचे. ओठाच्या कोपऱ्यावर जखम होऊ नये म्हणून तोंडातील नळी मी रोज एका बाजूची दुसऱ्या बाजूला बांधत असे, आणि शेवटपर्यंत त्याच्या ओठाला किंवा पाठीला एकही जखम झाली नाही, याचा मला अभिमान आहे. मात्र जे मी एवढ्या निगुतीने करत होते, ते त्याला हवे होते की नव्हते, हे मला एकदाही कळू शकले नाही.

तोंडातील नळी फार दिवस ठेवता येत नाही. स्वरयंत्राला इजा होऊ लागते. म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालण्याचा, म्हणजेच ट्रॅकिऑस्टॉमीचा, प्रश्न येतो. खरा फाटा इथे असतो. गळ्यातील आणि पोटातील नळीवर असा रुग्ण कित्येक वर्षे जगू शकतो. आमच्या डॉक्टरांनी पत्नीला आणि आईला समोरासमोर बसवून, ‘शुद्ध परत येण्याची शक्यता फारच कमी आहे,’ एवढे स्पष्ट सांगितले आणि विचारले, ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ उपचारांत ते अतिशय निष्णात आहेत, पण हा प्रश्न चुकीचा होता. ‘त्याला स्वतःला बोलता आले असते, तर त्याने काय सांगितले असते?’ असे विचारायला हवे होते, आणि त्या खोलीत मी असूनही ते बोलले नाही, ही माझीही चूक आहे.

पत्नीने मात्र त्याच न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. दोन वर्षांपूर्वी त्याचे मामा व्हेंटिलेटरवर होते. त्यांना पाहून घरी आल्यावर तो तिला म्हणाला होता, ‘मला असं कधी ठेवू नका.’ आई लगेच म्हणाल्या, ‘त्याच संध्याकाळी तो मला म्हणाला, आई, माणूस आहे तोवर प्रयत्न सोडायचे नाहीत.’ दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मला आजही वाटते की, दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. एक वाक्य स्वतःविषयी असेल आणि दुसरे मामांविषयी. किंवा रडणाऱ्या आईला धीर देण्यासाठी म्हटलेले असेल. नेमके कोणते कशासाठी होते, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो छताकडे पाहत होता.

स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राचा, म्हणजे लिव्हिंग विलचा, विषय आम्ही काढतो तो सत्तरी ओलांडलेल्यांपाशी. परंतु ज्या प्रकरणांनी न्यायालयांना हा विचार करायला लावला, त्यांतील माणसे तरुण होती. अमेरिकेतील नॅन्सी क्रुझन 1983 मध्ये मोटार अपघातानंतर बेशुद्धावस्थेत गेली, तेव्हा ती 25 वर्षांची होती. अशा स्थितीत जगायला आवडणार नाही, असे ती मैत्रिणीशी बोलली होती. पण तिच्या इच्छेचा तेवढा पुरावा मिसुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला पुरेसा वाटला नाही, आणि असा ठोस पुरावा मागण्याचा राज्याचा अधिकार 1990 मध्ये तेथील संघीय सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये हल्ला झाला तेव्हा त्याही 25 वर्षांच्या होत्या. पुढे 2015 पर्यंत, म्हणजे सुमारे 42 वर्षे, त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांची सेवा केली. अन्न थांबवावे अशी याचिका एका लेखिकेने केली, परिचारिकांनी विरोध केला, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. परिचारिका म्हणून त्या सेवेपुढे मी नतमस्तक होते. पण दोन्ही बाजू अरुणाताईंच्या वतीने बोलत होत्या आणि त्यांचा स्वतःचा शब्द कोणापाशीच नव्हता, हे मला विसरता येत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने अशा इच्छापत्राला मान्यता मिळाली. सुज्ञ असलेल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीला ते करता येते. आधीची पद्धत इतकी किचकट होती की ती पाळणे जवळजवळ अशक्यच होते; जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे केलेली सही पुरते, आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक जवळच्या व्यक्तींची नावे त्यात लिहिता येतात. स्वतःला निर्णय सांगता येत नसेल आणि सुधारणेची आशा उरली नसेल तेव्हाच ते लागू होते, तेही दोन वैद्यकीय मंडळांच्या तपासणीनंतर. शुद्धीवर असेपर्यंत ते केव्हाही बदलता वा रद्द करता येते.

माझी तक्रार मजकुराविषयी आहे. ‘मला मशीन नको’ एवढेच लिहिलेला कागद आमच्या फारसा कामाचा नसतो. न्यूमोनियासाठी चार दिवस लावलेले व्हेंटिलेटर आणि शुद्धीची आशा संपल्यावर कायमचे चालवलेले व्हेंटिलेटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळ्यातील नळी, पोटातील नळी, डायलिसिस, हृदय थांबल्यावर ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न, यांविषयी वेगवेगळे लिहावे. सर्व उपचार शेवटपर्यंत हवे असतील तर तसेही लिहावे. तीही इच्छाच आहे. वेदना कमी करणे, तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे हे आम्ही थांबवत नाही. आणि तो कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नये. एका रुग्णाचे इच्छापत्र आम्हाला त्याच्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी त्याच्या मुलाने दाखवले होते.

चौदाव्या दिवशी पत्नीने ट्रॅकिऑस्टॉमीला संमती दिली. पेन हातात घेऊन ती सासूबाईंना म्हणाली, ‘आई, तुमच्यासाठी करते.’ साक्षीदाराच्या रकान्यात मी सही केली. त्या संमतिपत्रात रुग्णाचे नाव, वय, शस्त्रक्रिया, धोके, नातेवाइकाचे नाते, सारे होते. रुग्ण स्वतः काय म्हणाला होता, यासाठी रकाना नव्हता. रात्री परिचर्या नोंदीत मी कफाचे प्रमाण, नाडी आणि रक्तदाब लिहिला, आणि त्याखाली ती दोन्ही वाक्ये, कोणी सांगितली त्यासह, अवतरणचिन्हांत उतरवून काढली. सकाळी प्रभारी सिस्टरांनी विचारले की, हे इथे कशासाठी. मी म्हणाले, ‘दुसरीकडे कुठे जागा नव्हती.’ त्यांनी ते पान तसेच राहू दिले.