गुडघ्यात सुया टोचून घ्याव्यात का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी शेजारी सरकतं. गुडघे झिजलेत, ऑपरेशन नको म्हणतोय, मग अ‍ॅक्युपंक्चर करून बघू का? आणि ते चिनी मालीश?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खुशाल करा, फक्त झीज भरून येईल या आशेनं करू नका. सुईनं कूर्चा परत येत नाही. कुणी एक्स-रे समोर धरून तशी हमी देत असेल, तर चपला घाला आणि निघा.

दुखणं मात्र कमी होतं, आणि इथेच खरी गंमत आहे. 2006 साली जर्मनीतल्या हजारावर पेशंटच्या चाचणीचा निकाल आला. एका गटाला नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला डॉक्टर आणि गोळ्या. फिजिओथेरपी तिघांनाही. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले अनुक्रमे 53, 51 आणि 29 टक्के! म्हणजे सुई कुठे टोचली याला फारसं महत्त्व उरलं नाही. तरी पुढच्याच वर्षी जर्मन आरोग्य विम्यानं गुडघ्यासाठी सुया मंजूर केल्या. ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सुचवणारी 'नाइस' संस्था मात्र देऊ नका म्हणते. मला विचाराल तर निवांत पडून राहणं, कुणीतरी वेळ काढून आपलं ऐकणं, यातही बरंच औषध असतं.

गुडघा वाकवला की वाटीखाली दोन्ही बाजूंना खळगे दिसतात. चिनी वैद्य त्यांना गुडघ्याचे डोळे म्हणतात. तिथे एकेक सुई, चार बोटं खाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग जागा जड होते. ते चिनी मालीश, म्हणजे ट्वीना, बहुतेकदा कपड्यावरूनच करतात, आपल्यासारखं तेल थापत नाहीत. हाताची पाठ मांडीवर लोळवत नेतात. आखडलेली मांडी सैल होते, पण त्यामागचा पुरावा सुयांपेक्षाही तोकडा.

दुखणं उतरलं की लगेच मांडीच्या व्यायामाला लागा. नुसतं पडून सुया घेणाऱ्यांचं मला काही पटत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, रोज. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. आणि गुडघा सुजून गरम झाला असेल तर सुया, मालीश दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.