इंगळीला घाबरता, पण लाल विंचवाचं काय?

काळी इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचू, निघाली की घरात केवढा गोंधळ होतो, काठी काय, झाडू काय, पोरं पलंगावर. पण कोकणात खरं घाबरायला हवं ते त्या धिप्पाड इंगळीला नाही, तर बोटाएवढ्या लाल विंचवाला. शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस, जुन्या पुस्तकांत मेसोब्युथस म्हणून सापडेल. शेपटी धरून ५ ते ९ सेंटीमीटर, तांबूस-नारिंगी अंग, पाय फिकट, पाठीवर करड्या दाणेदार रेघा.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पुढचे चिमटे बघा. इंगळीचे जाडजूड असतात, ती भक्ष्य चिरडूनच मारते, याचे मात्र एकदम बारीक नाजूक, म्हणून याची सगळी भिस्त शेपटीवर आणि विषावर.

राहतो कुठे? दगडी गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, जांभ्याच्या फटीत, रचून ठेवलेल्या लाकूडफाट्याखाली, विटांच्या ढिगात, म्हणजे थोडक्यात आपल्या अंगणातच. रात्री झुरळं-किडे शोधत फिरतो आणि पहाटे जिथे अंधार मिळेल तिथे घुसतो, मग ती तुमची चप्पल का असेना.

विष मज्जातंतूंवर काम करतं, शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा नुसता पूर येतो. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, पुढे हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. यात माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट जायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हे नीट नोंदवून १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं आणि नंतर ब्लड प्रेशरची प्राझोसिन नावाची साधी स्वस्त गोळी यावर चालते हे दाखवून दिलं. तालुक्याच्या गावात बसून जगभरच्या डॉक्टरांना शिकवलं राव, २०२२ ला पद्मश्री मिळाली, माझ्या मते उशीरच झाला. आता विष उतरवणारी लसही (अँटीव्हेनम) आहे, दोन्ही एकत्र दिलं तर पेशंट लवकर सावरतो.

त्यामुळे मंत्र, पाला, कांदा यात वेळ घालवू नका, चावला की थेट दवाखाना गाठा, लहान मूल असेल तर दुखणं थांबायची वाट पण बघू नका.

आणि गावी जाणार असाल तर एक यूव्ही टॉर्च घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळते. विंचवाचं अंग त्या उजेडात हिरवट-निळं चमकतं, गडग्याजवळ टॉर्च मारून बघा, किती शेजारी आहेत ते कळेल.