हुरड्याचं गाणं रील्सवरून पोचवताना: माझा अनुभव

हुरड्यावरचं आमचं गाणं कुठल्याही म्युझिक कंपनीचं नव्हतं. शब्द आणि चाल माझी, हलगी मामांची, आवाज मावसबहिणीचा. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग झाल्यावर जाहिरातीला पैसे उरले नव्हते. आणि ज्यांच्यासाठी गाणं केलं, ती सगळी माणसं रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर रील्स बघतात. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. तेव्हापासून गावाकडच्या नव्या गाण्याला बाहेर पडायला हाच रस्ता आहे, असं माझं मत. म्हणून सगळा जोर तिथेच लावायचं ठरवलं.

पहिला विचार वेळेचा. मंगळवेढ्याकडचा हुरडा डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर कणीस कडक होतं आणि हुरड्याच्या गाण्याकडे कोणी बघत नाही. डिसेंबर लागताना गाणं सगळीकडे हवं, तर दिवाळीच्या आसपास ते वितरकाकडे गेलेलं हवं. हे वितरक वर्षाची फी घेऊन किंवा कमाईतला वाटा घेऊन गाणं स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, इन्स्टाग्राम असं सगळीकडे पोचवतात. त्यांच्याकडूनच आयएसआरसी मिळतो, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा बारा अक्षरी ओळख क्रमांक. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या निदान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. गाण्याचं नाव रोमन अक्षरांतही नीट द्या, कारण आपली माणसं मराठी गाणंसुद्धा इंग्रजी कीबोर्डवरच शोधतात. प्रकाशनानंतर आमचं गाणं एका ठिकाणी आमच्याच नावाच्या भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसलं होतं. वितरकाला दोन्ही पानांच्या लिंक पाठवल्यावर ते योग्य जागी आलं.

गाणं इन्स्टाग्रामच्या म्युझिक लायब्ररीत येईपर्यंत एकही व्हिडिओ टाकायचा नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. आधीच टाकला तर तो आवाज ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून वेगळा नोंदला जातो, त्यावर लोक रील करतात आणि नंतर अधिकृत गाणं आलं की त्याच्या पानावर शून्यापासून सुरुवात. वापर दोन ठिकाणी विभागला जातो. नवीन कलाकाराला हे परवडत नाही.

मग तुकडा निवडणं. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. पूर्ण गाणं चार मिनिटांचं, त्यातले पंधरा-वीस सेकंद घ्यायचे. मला अंतऱ्यातली एक ओळ फार प्रिय होती, पण ती कळायला आधीचं कडवं लागतं. तुकडा एकटा उभा राहायला हवा. शेवटी ध्रुवपद घेतलं, त्याआधीची सुरावट पूर्ण काढून टाकली आणि पहिल्या क्षणाला हलगीचा ठोका व त्याच्या पाठोपाठ आवाज ठेवला. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर खालचा ढोल छाती हलवत होता, मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येईना. हलगीच्या बारीक काडीचा कडकडाट मात्र एसटीत बसलेल्या माणसालाही ऐकू जातो. म्हणून रीलसाठीच्या तुकड्याचा विचार करून मिक्स पुन्हा केलं : हलगी वर, गाण्याचे शब्द स्वच्छ. आणखी एक गोष्ट मामांनी करून दिली. रील संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाजतं, तिथे ताल तुटला तर माणूस बोटाने पुढे सरकतो. मामांनी शेवटचा ठेका असा बांधून दिला की तो पहिल्या ठोक्यावरच येऊन पडतो. जोड कुठे आहे ते मलाही कान देऊन शोधावं लागतं.

चित्रीकरण मामांच्या रानात, सकाळच्या उन्हात, फोन उभा धरून. नाचाचे व्हिडिओ केले, ओठ हलवून गाण्याचे केले, ड्रोनचाही एक केला. त्यांना ओळखीचे लोक सोडून फारसं कोणी थांबलं नाही. चालला तो मामांचा. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, निखाऱ्यात खुपसलेली गूळभेंडी ज्वारीची कणसं. मामा एक कणीस उचलतात, राख झटकतात, दोन्ही तळव्यांत धरून चोळतात. हिरवे दाणे वाफेसकट खाली पडतात, एक फुंकर मारली की फोलपटं उडतात आणि वाटी पुढे येते. चोळण्याची गती आणि हलगीची गती एकच होती. ते मी ठरवून घेतलं नव्हतं, मामांच्या हातातच तो ठेका आहे. ओळी पडद्यावर लिहिताना दोन गोष्टी सांभाळल्या. खालचा भाग आणि उजवी कड ॲपच्या बटणांखाली जाते, म्हणून शब्द मधोमध ठेवले. आणि काही एडिटिंग ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रत्येक ओळ वाचून पाहिल्याशिवाय व्हिडिओ बाहेर काढला नाही.

टाकल्यावर लाइक मोजत बसू नका. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं, की किती वेळ पाहिलं, किती लाइक आले आणि किती जणांनी पुढे पाठवलं या गोष्टी सर्वात महत्त्वाच्या. नव्या माणसांपर्यंत जायला पुढे पाठवणं जास्त कामाचं. मामांच्या रीलचं तेच झालं. पुण्या-मुंबईतली माणसं ते गावाकडच्या भावाला, मैत्रिणीला पाठवत होती, खाली लिहीत होती, “दादा, या वर्षी जायचंच.” ‘ट्रायल रील’ ही सोय आम्हाला फार उपयोगी पडली. त्यात रील आधी आपल्याला फॉलो न करणाऱ्यांनाच दाखवलं जातं, त्यामुळे नातेवाइकांच्या कौतुकाशिवाय खरा अंदाज येतो.

पण गाण्यासाठी व्ह्यूजपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे इतरांनी त्यावर रील करणं. २०२४ मध्ये संजू राठोड यांचं ‘गुलाबी साडी’ देशभर गेलं त्यात साडी नेसून व्हिडिओ करणाऱ्या असंख्य बायकांचा मोठा हात होता. ऐकणाऱ्याला काहीतरी करता आलं पाहिजे. आमच्याकडे हुरडा पार्टी होती. मी कृषी पर्यटन केंद्रांच्या मालकांना एकेक करून मेसेज पाठवले. बऱ्याच जणांना गाणं आवडलं, पण त्यांना ते ॲपमध्ये सापडेना. कारण त्यांची खाती ‘बिझनेस’ प्रकारची होती आणि अशा खात्यांना बहुतेक गाणी वापरता येत नाहीत. मग मार्ग काढला : त्यांनी आगटीचे, पाहुण्यांचे व्हिडिओ आम्हाला पाठवायचे, आम्ही आमच्या खात्यावरून गाण्यासह टाकायचे आणि त्यांना ‘कोलॅब’चं निमंत्रण द्यायचं. त्यांनी स्वीकारलं की तेच रील दोन्ही खात्यांवर दिसतं. त्यांचे पाहुणे ते पाहायचे आणि आपल्या व्हिडिओला तेच गाणं लावायचे. शनिवार-रविवार झाला की सोमवारी गाण्याच्या पानावर नवीन रील्स दिसायची. ती उघडून बघताना झालेला आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही. अनोळखी घरातली पोरं आमच्या ठेक्यावर कणसं चोळत होती.

लाखभर व्ह्यूज विकणाऱ्यांचे मेसेजही आले. एकालाही पैसे दिले नाहीत, आणि तुम्हीही देऊ नका. खोटे बघे हुरडा खायला येत नाहीत आणि पूर्ण गाणंही ऐकत नाहीत.

पैशाचं स्पष्ट सांगते. रील्समधून थेट मिळालं ते किरकोळ. म्हणून पूर्ण गाण्याकडे जाणारी वाट सोपी ठेवावी लागते. शॉर्ट्सच्या कमेंटमधली लिंक दाबून उघडत नाही, पण ‘रिलेटेड व्हिडिओ’मध्ये आपला पूर्ण व्हिडिओ जोडता येतो. प्रत्येक शॉर्टला तो जोडा. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. मी गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घेतलं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का केला आहे, तो घ्यायला कागद भरावेच लागतात. मामांचा आणि बहिणीचा वाटा आम्ही आधीच लिहून सह्या करून ठेवला होता.

हंगाम संपता संपता दोन केंद्रांनी मामांना हलगी वाजवायला प्रत्यक्ष बोलावलं, मानधन देऊन. पुढचं गाणं वेळ अमावस्येचं, म्हणजे आमच्याकडच्या रानातल्या सणाचं आहे. ध्रुवपद झालं आहे, मामांना ठेका अजून पसंत नाही. या वेळी नवरात्रातच ते वितरकाकडे पाठवणार आहे.