खाल्ले तरी बोचते, नाकारले तरी बोचते

श्रावण वद्य एकादशी

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी पितृपक्षातला दिवस दिला आहे. त्यावरून घरात बरीच चर्चा झाली, कारण या पंधरवड्यात असले काही करू नये, असे आत्याबाईंचे ठाम मत होते. शेवटी सासूबाईंनीच ‘पितरांनाही सून धडधाकट असलेलीच आवडेल’ असे म्हणून विषय संपवला. माझे वजन ९४ किलो आणि उंची १५५ सेंटीमीटर आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ३९ च्या थोडा वर जातो. भारतीयांच्या बाबतीत तो ३७.५ च्या पुढे असेल, किंवा मधुमेहासारखा विकार जोडीला असताना ३२.५ च्या पुढे असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करत असत; २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत या मर्यादा आणखी खाली आल्या आहेत. मला मधुमेह आहे आणि झोपेत श्वास अडखळत असल्यामुळे रात्री मशीन लावूनच झोपावे लागते.

आपल्यासाठी हे आकडे पाश्चात्त्यांपेक्षा खालचे का, हे समजून घेताना पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेले उदाहरण वाचनात आले. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. शरीराची घडण प्रत्येकाला आपल्या वागण्याच्या हिशेबाने मिळत नाही, हे त्या दोन आकड्यांमुळे मला जितके पटले तितके कोणाच्याही समजावण्याने पटले नव्हते. वर्षानुवर्षे दवाखान्यात मी एकच वाक्य ऐकत आले आहे, ‘जरा तोंडावर ताबा ठेवा.’ ते ऐकून बाहेर पडले की दिवसभर काही खाऊ नये असे वाटायचे आणि रात्री त्याच्या दुप्पट खाल्ले जायचे.

आज एकादशी असल्यामुळे घरात साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, आणि माझ्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने चढते. तरीही ‘उपास आहे’ या शब्दांच्या आधाराने मी कितीतरी वर्षे ती खिचडी निर्धास्तपणे खाल्ली, आणि साध्या दिवशी अर्धी पोळी जास्त खाल्ली तर मात्र मनाला लावून घेतले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण माझ्याकडे बघून म्हटली गेली की आजही टोचते. आज मी मटकीची उसळ आणि ताक घेतले. पोटाला ते बरे वाटले. देवाचे काही चुकले का, हा विचार मात्र संध्याकाळपर्यंत मनातून गेला नाही.

पिठोरी अमावास्या

आहारतज्ज्ञ बाईंनी वही घालायला सांगितली आहे. वेळ, पदार्थ आणि प्रमाण हे रकाने मला अपेक्षित होते. त्यांच्या पुढे आणखी चार रकाने आहेत: खाण्याआधी भूक किती होती, कुठे बसून खाल्ले, सोबत कोण होते आणि त्याआधी काय घडले होते. ‘ही परीक्षेची उत्तरपत्रिका नाही, कोणी गुण देणार नाही,’ असे त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. तरीही सुरुवातीला लिहिताना हात आखडत असे, कारण इतकी वर्षे मी जे खाल्ले त्याचा हिशेब फक्त स्वतःला खडसावण्यासाठीच ठेवला होता.

वही चाळताना आज एक गोष्ट स्पष्ट दिसली. ‘कुठे’ या रकान्यात पुन्हा पुन्हा ‘ओट्याजवळ, उभ्याने’ असे लिहिलेले आहे. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर लेकीच्या ताटातली अर्धी पोळी, कढईच्या कडेला राहिलेली भाजी, पातेल्याच्या तळाची भाताची खरपुडी आणि उद्यापर्यंत टिकणार नाही म्हणून संपवलेली वाटीभर आमटी. त्यांच्यासमोर भुकेचा आकडा शून्य किंवा एक आहे. हे खाणे मी कधी जेवणात धरलेच नव्हते. ती आवराआवर होती. अन्न हे पूर्णब्रह्म, पानात टाकू नये, हे लहानपणापासून मनावर कोरलेले आहे आणि ते चांगलेच आहे. पण घरातले उरलेसुरले अन्न वाया जाऊ नये याची जबाबदारी एकाच बाईच्या पोटावर का असावी, हा प्रश्न आईला कधी पडला नाही, सासूबाईंना पडला नाही आणि मलाही आतापर्यंत पडला नव्हता.

रात्रीच्या नोंदी वेगळ्या आहेत. ऑफिसात वरिष्ठांनी सगळ्यांसमोर बोललेल्या दिवशी, लेकीच्या शाळेचे शुल्क आणि घराचा हप्ता एकाच आठवड्यात आल्यावर, किंवा नुसतेच फार दमल्यावर, सगळे झोपले की मी फरसाणाचा डबा उघडते. समुपदेशक बाईंनी ते रकाने शांतपणे वाचले. २०१३ पासून मानसिक विकारांच्या अमेरिकेतील अधिकृत वर्गीकरणात अनावर खाण्याच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आहे, आणि लाजेपोटी एकट्याने खाणे व खाल्ल्यावर तीव्र अपराधी वाटणे ही त्याच्या लक्षणांतच मोडतात, हे त्यांनी मला सांगितले. माझे खाणे त्या विकाराच्या निकषात पूर्ण बसत नाही. मात्र शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही त्याकडे लक्ष ठेवावे लागेल. अपराधीपणामुळे माणूस सुधारतो, अशी माझी पक्की समजूत होती. वहीत तर उलटच दिसते: ज्या दिवशी दुपारी मी स्वतःला अधिक बोल लावले आहेत, त्याच दिवशी रात्रीचा डबा उघडला गेला आहे.

हरतालिका

मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना निर्जळी उपास करायचा नाही, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच मी आज जेवून पूजेला बसले. वाळूची पिंड, पत्री, शेजारच्या बायका, सगळे नेहमीसारखे झाले, आणि ‘तुझा उपास ना?’ या प्रश्नाला मी सरळ ‘नाही, औषधे चालू आहेत’ असे उत्तर दिले. कोणी वावगे बोलले नाही. तरी घरी येईपर्यंत माझे मन खात राहिले.

आज मला प्रथमच नीट उमगले की माझा अपराधीपणा फक्त जास्त खाण्याशी बांधलेला नाही. न खाण्याच्या दिवशी खाल्ले तरी तो आहे, आग्रह मोडला तरी आहे, प्रसाद कमी घेतला तरी आहे, पानात टाकले तरी आहे. आपल्या घरांत अन्नाला श्रद्धा, माया, पाहुणचार आणि काटकसर इतक्या गोष्टी जोडलेल्या आहेत, की वजन वाढलेल्या बाईने काहीही केले तरी त्यांतल्या एकीशी तरी तिचे वाकडे येतेच. हे समजल्यावर माझा ताण थोडा हलका झाला, कारण जिथे प्रत्येक वाटेवर दोष ठेवलेलाच आहे, तिथे दोष टाळणे हे ध्येय असूच शकत नाही.

ऋषिपंचमी

चतुर्थीपासून शस्त्रक्रियेपूर्वीचा दोन आठवड्यांचा आहार सुरू झाला आहे. दिवसाला साधारण ८०० ते १००० कॅलरी, पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि प्रथिने भरपूर: ताक, मुगाचे कढण, पनीर, उकडलेले अंडे, पालेभाज्या, काकडी आणि दुधात कालवलेली प्रोटीन पावडर. डॉक्टरांनी मधुमेहाच्या औषधाची मात्राही त्यानुसार कमी केली आहे. हा आहार कशासाठी, हे त्यांनी चित्र काढून दाखवले. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. लठ्ठपणात तो चरबीने सुजतो आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना त्याला उचलून बाजूला धरणे अवघड जाते. पिष्टमय अन्न कमी केले की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा आणि त्याच्यासोबत साठलेले पाणी उतरते, पुढे चरबीही घटते आणि यकृत आकसून मऊ होते. हे कळल्यापासून पथ्याकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. आजवरचे प्रत्येक डाएट मला शिक्षेसारखे वाटत आले. या वेळी पथ्याचे काम काय आणि ते कधी संपणार, हे मला ठाऊक आहे.

तरी मन अन्नाभोवतीच घुटमळते. काल उकडीचे मोदक वळताना नारळ-गुळाच्या सारणाचा वास अंगभर भिनला होता. रात्री मोबाइलवर मी पाककृतींचे व्हिडिओ बघत बसले आणि मग स्वतःचीच लाज वाटू लागली. समुपदेशक बाईंना कळवले, तेव्हा त्यांनी १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगाची माहिती दिली. ३६ निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले आणि त्यांच्यातले काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. त्यांना ना वजनाचा प्रश्न होता ना खादाडपणाचा. अपुरे अन्न मिळाले की मेंदू असाच वागतो. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, हे मी वहीच्या समासात लिहून ठेवले.

ज्येष्ठागौरी पूजन

आजच्या दिवसाची मला सर्वांत धास्ती होती. नैवेद्याचे ताट वाढण्याचे काम माझ्याकडेच असते: मीठ, लिंबू, चटण्या, कोशिंबिरी डावीकडे, भाज्या आणि कटाची आमटी उजवीकडे, मध्ये वरणभाताची मूद आणि पुरणपोळीवर तूप. आहारतज्ज्ञ बाईंशी मी आधीच बोलून घेतले होते. ‘आयत्या वेळी ठरवू नका, सकाळीच ठरवा आणि घरात सांगून टाका,’ असा त्यांचा सल्ला होता. त्याप्रमाणे प्रसाद म्हणून बोटाच्या पेराएवढे पुरण घ्यायचे, बसून घ्यायचे आणि वहीत लिहायचे, हे ठरवून मी जाऊबाईंना सांगितले होते. पुरण घेतले. इतक्या सावकाश पुरण मी कधी खाल्ले नसेन. वेलदोडा, जायफळ आणि गुळाच्या पाकाचा किंचित करपट गोडवा वेगवेगळे कळले.

आग्रह मात्र चुकला नाही. माझ्या पानात कोशिंबीर, पालेभाजी आणि पनीर असताना आत्याबाई पोळी घेऊन आल्या आणि ‘एकदा ऑपरेशन झाले की कुठली मिळणार तुला? आज खाऊन घे,’ असे म्हणून त्यांनी तुपात भिजलेली पुरणपोळी पानात वाढली. त्यांचा हेतू मायेचा होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांचे ते वाक्य माझ्याही मनात कितीतरी आठवडे फिरत होते. तारीख ठरल्यापासून ‘हे शेवटचे’ म्हणून मिसळ, ‘हे शेवटचे’ म्हणून आइस्क्रीम, असा निरोप देत खाण्याचा मोह मला होत होता. शस्त्रक्रियेआधी असे निरोपाचे जेवण अनेक रुग्ण करतात, आणि त्याने वजनही वाढते व यकृतही पुन्हा फुगते, हे मला सांगितलेले होते. पुरणपोळी जगातून नाहीशी होणार नाही; काही महिन्यांनी तिचा छोटा तुकडा डॉक्टरांच्या परवानगीने मला खाता येईल, असे मी आत्याबाईंना म्हटले आणि पोळीला हात लावला नाही. त्या थोड्या दुखावल्या. मला वाईट वाटले, आणि वाईट वाटत असतानाही मी जेवण पुरे करून उठले. वाईट वाटणे म्हणजे आपण वाईट वागलो असे नव्हे, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळते आहे. पानातली ती पोळी मी ओट्याशी जाऊन संपवलीही नाही.

अनंत चतुर्दशी

शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी करतात. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि तोच भाग काढला जात असल्यामुळे सुरुवातीला भूक बरीच मंदावते. घ्रेलिनचा शोध जपानी संशोधकांनी १९९९ साली लावला. नुसत्या डाएटने वजन उतरले की हेच संप्रेरक वाढते आणि ती वाढ वर्षभरानंतरही टिकते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. माझी आधीची सगळी डाएट का मोडली, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

तरी रात्रीच्या डब्याचे उत्तर या शस्त्रक्रियेत नाही. फरसाण, वेफर्स, आइस्क्रीम हे पदार्थ चघळत-चघळत नव्या लहान जठरातूनही सहज उतरतात, आणि दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकत राहिले तर वजन परत चढते. म्हणून डबा ह्यांच्या कपाटात गेला आहे, आणि रात्री मन अस्वस्थ झाले तर ह्यांना उठवायचे, असे आम्ही ठरवले आहे. हे म्हणाले, ‘खाण्यासाठी उठवलेस तरी चालेल, पण एकटीने नको.’ त्या वाक्याने मला फार धीर आला.

सवयींचा सराव चालू आहे. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचे नाही, अर्धा तास आधी थांबवायचे आणि नंतर अर्ध्या तासाने घ्यायचे. त्यासाठी पानाशेजारचे तांब्या-भांडे उचलून ठेवले, तेव्हा लेकीनेही आपले उचलले. प्रथिने आधी, मग भाजी, पोळी-भात शेवटी. पुढे दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतील, आणि वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सात ग्रॅम मिळतात, तर शंभर ग्रॅम पनीरमधून साधारण १८. तेव्हा स्वयंपाकाची घडीच बदलावी लागणार आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कायमचे घ्यावे लागेल.

मामंजींचे श्राद्ध नवमीला येते, तेव्हा मी अजून पातळ आहारावर असेन. खीर-वड्यांचा स्वयंपाक जाऊबाई करणार आहेत, आणि उरलेल्या अन्नाचे डबे भरून त्याच दिवशी वाटून टाकायचे हे सासूबाईंनी स्वतःहून ठरवले. समुपदेशक बाईंना उद्याच्या भेटीत दोन गोष्टी विचारायच्या आहेत: वजन उतरू लागल्यावर लोक कौतुक करतील तेव्हा त्या कौतुकाच्या धाकाने पुन्हा उपाशी राहण्याकडे मन वळले तर काय करायचे, आणि वही शस्त्रक्रियेनंतर कितव्या दिवसापासून लिहायची.