डझनावर दोन

रात्रीचे दोन वाजलेत. पंखा फुल्ल आहे तरी गादी तव्यासारखी. आत्ता उठून लघवीला जाऊन आलो, रंग अजून गुलाबीच, डाळिंबाच्या सरबतात कुणीतरी तीन ग्लास पाणी जास्त घातल्यासारखा. डॉक्टर म्हणालेत चार-पाच दिवस असं चालणार, त्याला घाबरायचं नाही, गाठी पडायला लागल्या किंवा लघवी अडलीच तर लगेच या. त्याला मी घाबरलेलोपण नाही. माझं डोकं अडकलंय भलतीकडंच आणि ते घरात सांगितलं तर हसतील.

बारा सांगितले होते. चौदा घेतले.

आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी कागदावर पेनानं अक्रोडाएवढं काहीतरी काढलं, ते म्हणे माझं प्रोस्टेट, त्यात कॅन्सर आहे का ते तपासायचं होतं, त्याचे डावे-उजवे भाग केले, वर-मध्ये-खाली अशा रेघा मारल्या आणि दोन्हीकडून सहा-सहा टिंबं दिली. "असे बारा तुकडे घेतो काका, सुईनं, एकेक सेकंदाचं काम." बारा म्हटल्यावर मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगला काढली, डझन म्हणजे आपला घरचा आकडा. बारा झाले की पट्टी मारायची, गठ्ठा बाजूला.

तर झालं ते असं. रक्त पातळ करायची गोळी हार्टच्या डॉक्टरांना विचारून आधीच बंद केली होती, लघवीची तपासणी झाली होती, अँटिबायोटिक आदल्या रात्री एक आणि सकाळी एक, आणि सकाळी तो एनिमा, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. पोट रिकामं लागत नाही म्हणाले पण भाकरी घशाखाली उतरली असती का? चहावरच गेलो. मागनं उघडा असलेला हिरवा झगा, बटण नाही, नाड्या, आणि त्या नाड्या मागं बांधायला माणसाला तिसरा हात लागतो. डाव्या कुशीवर वळा काका, गुडघे पोटाशी घ्या. गड्ड्याच्या जत्रेत रात्री थंडीत पोरं झोपतात तशी पोझ. चौसष्टाव्या वर्षी.

मग जेल, आणि सोनोग्राफीची ती नळी, अंगठ्यापेक्षा जाड म्हणा. दुखत नाही म्हणजे अगदीच दुखत नाही असं नाही, पण जास्त करून दाब, आणि संडासला आत्ताच्या आत्ता पळावं अशी भावना. श्वास सोडा म्हणाले, सोडला. मग बधिर करायची इंजेक्शनं, दोन्ही बाजूला एकेक, ती चरचरली. ही दोन मी मोजात धरली नाहीत. मग म्हणाले, "काका, आधी नुसता आवाज ऐकवतो म्हणजे दचकणार नाही," आणि ती सुई मारायची बंदूक हवेत वाजवली. खट्. तेपण मोजात धरलं नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण संध्याकाळी पोरगा म्हणाला, पप्पा तुम्ही इंजेक्शनं धरून मोजलं असेल. अरे मी मोजण्यात चुकेन?

मग खरी सुरुवात. खट्. एक. पॉवरलूमचा धोटा एकदाच आपटून गप्प बसावा तसा आवाज. बधिर केल्यामुळं टोचणं कळत नाही, पण आत कुणीतरी रबर ताणून सोडतंय असं होतं आणि अंग आपोआप आखडतं. दोन. तीन. शेजारी ती सिस्टर बाटल्यांवर नंबर बघून झाकणं उघडत होती, आणि सुईवरनं निघालेला तुकडा मी मान वळवून बघितला एकदा, बघायला नको होता. बोटाच्या पेराएवढा, पांढरट, ओलं सूत. कातरलेल्या टॉवेलच्या कडेला लोंबतं ना, तसंच. एवढ्याशा सुतावरनं ठरणार सगळं. सहा झाले, बाजू बदलली. सात, आठ. दहाव्याला जरा कळ आली, मी हूं केलं. अकरा. बारा.

मी मनातल्या मनात पट्टी मारली. पाय सरळ करायला घेतला.

"थांबा काका, इथनं अजून दोन घेऊ."

खट्. खट्.

बस एवढंच. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. उठून बसवलं, चहा दिला, लघवी होईपर्यंत तिथंच थांबायला लावलं, ती झाली, लाल झाली, म्हणाले अपेक्षितच आहे. मी कपडे घातले, हसलो, थँक्यू म्हणालो. दोन का जास्त घेतले हे विचारलंच नाही. तोंडापर्यंत आलं होतं ओ, पण आलं नाही बाहेर.

आता पॅकिंगवाल्याला विचारा, डझनात चौदा पीस कधी येतात. एक तर मोजणारा चुकला. नाहीतर आतल्या एखाद-दुसऱ्या पीसवर सेकंड असल्याचा संशय आला, कुठंतरी धागा सुटलाय, डाग आहे, मग पार्टीनं ओरडू नये म्हणून वर दोन जास्तीचे टाकायचे. तिसरं कारण मला एकतीस वर्षांत भेटलं नाही. आणि डॉक्टर काही मोजायला चुकलेले नाहीत, ते स्क्रीनकडं बघत होते.

म्हणजे "इथनं" म्हणजे कुठनं? त्यांना तिथं काय दिसलं?

रिक्षात हिनं विचारलं, काय म्हणाले ओ डॉक्टर? म्हटलं, भरपूर पाणी प्या म्हणाले. सोलापुरात, मे महिन्यात, नळाला पाच दिवसाआड पाणी असताना. ती हसली आणि मग रडली, मग परत हसली.

ते दुसरं पण सांगितलंय डॉक्टरांनी, की लघवीसारखं वीर्यही लालसर-तपकिरी येईल, महिना-दीड महिनासुद्धा, घाबरू नका. हिच्यासमोर आणि पोरासमोर सांगितलं. पोरगा मोबाइलमध्ये घुसला, ही भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली. जाऊ दे.

संध्याकाळी नाना येऊन बसले. सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणे, त्यांच्या साडूच्या गावात कुणाचं तरी तसं झालं. हे मी डॉक्टरांना आधीच विचारून घेतलेलं, ते म्हणाले होते हा गैरसमज आहे, आणि तुकडा बघितल्याशिवाय नक्की काही सांगता येत नाही, कारण तो पीएसए, म्हणजे रक्ततपासणीतला प्रोस्टेटचा आकडा, नुसती ग्रंथी वाढली तरी चढतो, इन्फेक्शननं पण चढतो. माझा सात पॉइंट आठ होता. नानांना एवढं सगळं सांगत बसलो नाही, शेंगाचटणी-भाकरी वाढली आणि वाटेला लावलं. पण नाना गेल्यावर वाटलं, च्यायला, एवढी वर्षं कधी सीक लीव्ह घेतली नाही, पोरांच्या फिया, हिचं ऑपरेशन, मोठ्याचं लग्न, सगळ्यांचं सगळं मोजून-मापून केलं, आणि आपल्या वाटेला काय तर उघडा झगा आणि बाटलीतलं सूत. बसलो गॅलरीत. बसता पण येत नव्हतं नीट, उशी घेऊन बसलो.

तिथं सूनबाई आली. हॉस्पिटलची फाइल घेऊन. पोरानं तिला सांगितलेलं दिसतंय. म्हणाली, "पप्पा, हे बघा, तुम्ही सही केलेला फॉर्म." इंग्लिशमध्ये, पण आकडे तर आकडेच. बारा ते चौदा. एमआरआयमध्ये एक ठिकाण जरा वेगळं दिसलेलं, तिथनं दोन जास्तीचे घ्यायचे हे आधीच ठरलेलं. खाली माझी सही. झोकदार, खाली रेघ मारून.

सांगा आता. आख्ख्या फॅक्टरीत कुणाला चलन न वाचता सही करू दिली नाही, त्या सोमण्याच्या पोराला तर तीन वेळा परत पाठवला होता, आणि स्वतःच्या अंगाच्या मालावर डोळे झाकून सही. मी हसलो. सूनबाईपण हसली, म्हणाली चश्मा घरी विसरला होतात ना. हो, विसरलो होतो. चष्म्यावर ढकलून मोकळा झालो.

जेवण गेलं त्यानंतर. झोप पण लागली असावी अकरा ते एक.

पण आता परत. "जरा वेगळं दिसलेलं" म्हणजे सेकंडच की. बारा ते चौदा लिहिलं होतं ना, मग बारावर का नाही थांबले, तेरावर का नाही. आकडा वरचाच का घेतला. उद्या फोन करून विचारू का? डॉक्टर म्हणतील काका रिपोर्ट येऊ दे, आठ-दहा दिवस लागतात. बरोबरच आहे त्यांचं. तो ग्लिसन का काय तो आकडा, कॅन्सर किती जोराचा ते सांगणारा, तोपण रिपोर्टात येतो, काही निघालंच तर. परत आकडाच. माझ्या नशिबी आकडेच.

थर्मामीटर लावून बघितला आत्ता, कारण थंडी वाजून ताप आला, शंभर पॉइंट चारच्या वर गेला तर मध्यरात्र असली तरी यायचं, इन्फेक्शन रक्तात जाऊ शकतं, हे त्यांनी तीनदा बजावलंय. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. परत लावला. तेवढाच.

शेजारच्यांची मोटार चालू झाली, म्हणजे पाणी आलंय. मला जड उचलायचं नाही सांगितलंय, ही एकटी घागरी उचलणार आणि उचलताना मला ऐकवणार. नळ तरी सोडतो जाऊन.